शेजारची सीट

आमच्या इमारतीच्या तळघरात बावीस नंबरच्या जागेत माझी गाडी उभी असायची. छोटी, जुनी, मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. आणि शेजारी, तेवीस नंबरात, ती. गडद निळी, जेमतेम माझ्या कमरेला येणारी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. तिची किंमत मला एकदा कुणीतरी सांगितली. मी गणिताची शिक्षिका. मनातल्या मनात माझ्या वर्षाच्या पगाराने भागून पाहिलं आणि उत्तर आल्यावर तो विषय कायमचा सोडून दिला.

गाडीचे मालक सातव्या मजल्यावरचे, तेव्हा चाळिशीच्या आतले. हौसेने गाडी घेतली आणि चारच महिन्यांत त्यांना परदेशात वर्षभराचं काम निघालं. एका वर्षाची दोन झाली, दोनाची चौदा. फ्लॅट भाड्याने गेला, सामान गेलं, पण गाडी विकायला त्यांचं मन होईना. पुढच्या वर्षी येऊ तेव्हा चालवू, असं म्हणत राहिले. तोवर तिला सांभाळायला त्यांनी एक माणूस ठेवला होता.

त्या माणसाला इमारतीत सगळे पायलट म्हणायचे. नाव वॉचमनने पाडलं. गाडीत बसण्याआधी हे गृहस्थ टॉर्च घेऊन तिच्याभोवती पूर्ण चक्कर मारत, वाकून पोटाखाली तेलाचा थेंब पडलाय का बघत, उंदराने कुठे वायर कुरतडली नाही ना याची खात्री करत, चारी टायरची हवा मोजत, आणि मग आत बसून आरसा नीट करत. त्या आरशाला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नसायचा, तरी करत.

"विमान नेताय का कुठं?" वॉचमनने विचारलं.

"विमान परवडलं," ते म्हणाले. "त्याला स्पीडब्रेकर नसतात."

तेव्हापासून पायलट.

बुधवारी गाडी धुवायची आणि रविवारी सकाळी सहाला फिरवून आणायची, असा त्यांचा नेम. धुताना दोन बादल्या लागत. हातमोजा आधी साबणाच्या बादलीत, मग गाडीवर, मग साध्या पाण्यात खळबळून पुन्हा साबणात, म्हणजे निघालेली धूळ परत रंगावर घासली जात नाही. सुरुवात छपरापासून, हात सरळ रेषेत. चाकांचं फडकं वेगळं, आणि ते चुकून दुसऱ्या फडक्यांत पडलं तर सगळीच बाद. मी माझी गाडी महिन्यातून एकदा पाइपने पाणी मारून ओली करायचे आणि त्याला धुणं म्हणायचे. ते बघून पायलट तोंड दुसरीकडे वळवत.

"अशी गाडी चालवून झिजते त्याच्या दुप्पट उभी राहून बिघडते, बाई," ते मला सांगायचे. एका जागी उभे राहून टायर चपटे होतात, म्हणून बुधवारी ती हातभर पुढे नाहीतर मागे घ्यायची. बॅटरी उतरते, म्हणून मंद चार्जर कायम जोडलेला. पेट्रोल शिळं होतं, सायलेन्सरमध्ये ओल धरते, म्हणून रविवारची फेरी.

त्या फेरीचेही नियम होते. सुरू केल्यावर गाडी मिनिटभर मोठ्याने गुरगुरते. ती शांत होईपर्यंत हलायचं नाही. निघाल्यावर पाण्याचा काटा लवकर वर येतो, त्याला भुलायचं नाही. तेल तापायला पंधरा मिनिटं लागतात, तोवर इंजिनाला पळवायचं नाही. थंड टायर घसरतात, थंड ब्रेक उशिरा धरतात. हायवेला लागून सगळं तापलं की पाच मिनिटं तिला मोकळी सोडायची, आणि परतताना शेवटचे काही किलोमीटर पुन्हा हळू, म्हणजे इंजिन निवत निवत घरी येतं. तळघराच्या उतारावर नाक घासू नये म्हणून बटण दाबून पुढचा भाग दोन इंच उचलायचा आणि गाडी तिरकी उतरवायची. चौदा वर्षांत त्या नाकावर एक ओरखडा आला नव्हता.

मालकांनी जाताना एकच गोष्ट बजावली होती. "काका, गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही." पायलटनी मान डोलावली आणि त्या वाक्याभोवती स्वतःचं एक कुंपण घालून घेतलं. आपल्याशिवाय या गाडीत कुणी बसायचं नाही. मित्र नाही, वॉचमन नाही, घरचं माणूस तर नाहीच नाही.

त्याला कारण होतं. आधी ते एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होते. दुरुस्त झालेली गाडी रस्त्यावर नेऊन आवाज कुठून येतो, गाडी कुठल्या बाजूला ओढते ते सांगायचं, हे त्यांचं काम. तिथल्या एका सहकाऱ्याने गिऱ्हाइकाची गाडी चाचणीच्या नावाखाली घरी नेली, पोरांना फिरवून आणलं आणि वळणावर खांबाला घासली. चौकशीत कुणी तोंड उघडेना, तेव्हा साहेबांनी चाचणीवरच्या तिघांनाही एका दुपारी घरी पाठवलं. पायलट आठ महिने बसून होते. घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं.

"मी काहीच केलं नव्हतं, बाई," त्यांनी मला एकदा सांगितलं. "पण गल्लीतली माणसं मला बघून बोलता बोलता गप्प व्हायची."

त्यांच्या बायकोची आणि माझी ओळख तळघरातच झाली. त्या घरी पडदे, गणवेश, गाद्यांच्या खोळी असलं शिवायच्या. पायलटना बाजारात मिळणारी गाडीची खोळ पसंत नव्हती. आतून खरखरीत, रंगावर रेघा पाडेल म्हणत. म्हणून बायको स्वतः माप घ्यायला आली. बारीक अंगाची, कानावर पेन्सिल, गळ्यात टेप.

"या होय," गाडीकडे बघून त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "माझी सवत. दर बुधवारी आंघोळ घालतात तिला. माझ्यासाठी कधी पाणीसुद्धा तापवलं नाही."

"टेपचं पत्र्याचं टोक लावू नकोस," पायलट म्हणाले.

वहिनींनी ते टोक मुकाट्याने आपल्या रुमालात गुंडाळलं. मग दोघांनी मिळून मापं घेतली. लांबी एकशे ऐंशी इंच. आरसे धरून रुंदी शहाऐंशी. उंची शेहेचाळीस. त्या वहीत लिहीत होत्या आणि मधेच विचारत होत्या, "हिची कंबर कुठे धरायची?" पायलट गंभीरपणे बोट दाखवत होते. शेवटी वहिनींनी काचेला नाक न लावता, हात मागे बांधून, आत डोकावून पाहिलं.

"आत बसलं की कसं वाटतं हो?"

"घट्ट," पायलट म्हणाले.

"घट्ट म्हणजे?"

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे कुणीतरी धरून ठेवल्यासारखं."

वहिनींनी नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वही मिटली. चार दिवसांत खोळ शिवून आली. आतून मऊ फ्लॅनेल, आरशांना वेगळे कान. पहिल्यांदा चढवली तेव्हा कुठे एक सुरकुती नव्हती.

त्यानंतर त्या अधूनमधून यायच्या. पायलट डबा विसरले की, नाहीतर मी पडद्यांना माप द्यायला बोलावलं की. एकदोनदा हसत म्हणाल्याही होत्या, "एक दिवस मलाही न्या की." पायलट "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ आम्हां दोघींनाही कळायचा.

चौदाव्या वर्षी त्या आजारी पडल्या. आधी भूक गेली, मग पाठ दुखायला लागली, आणि तपासण्या होईपर्यंत दुखणं फार पुढे गेलं होतं. डॉक्टरांनी चार महिने सांगितले. पायलटनी मला हे सांगितलं तेव्हा ते टायरची हवा मोजत होते. आकडा वाचला, पुन्हा मोजला, पुन्हा वाचला. तिन्ही वेळा आकडा तोच आला असणार.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी मी बाजारात जायला खाली उतरले, तर वहिनी तळघरात उभ्या होत्या. चांगले कपडे घातले होते. ते आता अंगावर लोंबत होते. केस विंचरलेले, हातात पर्स. घरापासून बसने आल्या होत्या, एकट्या. पायलट टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले होते. उठले तर समोर बायको.

"तू कशाला आलीस? बरं नाही तुला."

"आज मी येते," वहिनी म्हणाल्या.

पायलटना कळलं. ते टॉर्च विझवून पुन्हा लावायला लागले.

"अगं, नको."

"एकच चक्कर. मग मागणार नाही."

"त्यांनी सांगितलंय ना. मी शब्द दिलाय."

"काय सांगितलंय? कुणाच्या हातात द्यायची नाही. मी हातात कुठे मागतेय? मी नुसती बसणार. हात मांडीवर ठेवीन हवं तर."

"शब्दाचा कीस पाडू नकोस."

"मग फोन करा. विचारा त्यांना. ते नाही म्हणाले तर मी ही चालले घरी."

"असलं मागायचं नसतं," पायलट म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला जेमतेम ऐकू आलं. "आपण मागितलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. मग ते देणं खरं नसतं."

मी माझ्या गाडीच्या दाराशी किल्ली शोधत असल्यासारखी उभी होते. किल्ली हातातच होती. त्या क्षणी मी मध्ये पडून, "पायलट, न्या त्यांना, मी कुणाला सांगणार नाही," असं म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही. म्हटलं ते भलतंच.

"वहिनी, माझ्याबरोबर चला. आपण मागून जाऊ."

वहिनींनी माझ्या गाडीकडे पाहिलं. मग हसल्या. "चला. मागून तर मागून."

पायलट पुढे निघाले, आम्ही मागे. पहिली पंधरा मिनिटं ते इतके हळू जात होते की मला दुसऱ्या गिअरवर बसून राहावं लागलं. "तेल तापतंय," वहिनी म्हणाल्या. त्यांना सगळं पाठ होतं. हायवेला लागल्यावर ती निळी गाडी जराशी पुढे गेली आणि परत हळू झाली. पायलट आरशात आम्हांला बघत असणार. वहिनींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि जा, जा, अशी खूण केली.

मग ती गाडी गेली. आवाज आधी पोटात जाणवला, मग कानात. माझ्या गाडीच्या काचा थरथरल्या. बघता बघता ती रस्त्याच्या टोकाला निळा ठिपका झाली आणि चढावापलीकडे उतरली.

"एवढा आवाज करते होय," वहिनी म्हणाल्या. "घरी तर सांगतात, फार गरीब आहे."

मी गाडी ऐंशीपर्यंत नेली. मागचं दार खडखडायला लागलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "नाही गाठता यायची."

मग बराच वेळ त्या समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत होत्या. बोलल्या त्या माझ्याकडे न बघताच.

"मला गाडीचं एवढं काही नाही हो, बाई. रविवारी हा माणूस घरी परततो ना, तेव्हा तासभर त्याचा चेहरा वेगळाच असतो. पंचवीस वर्षांचा असल्यासारखा. नंतर उतरतो तो. तो चेहरा तिथे, चालवताना कसा दिसत असेल, तेवढं बघायचं होतं."

पुढे टोलनाक्याआधीच्या मोकळ्या जागेत पायलट थांबले होते. गाडीतून उतरून उभे होते, आमची वाट बघत. वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मागून छान दिसते," त्या म्हणाल्या.

"उन्हात बसू नकोस जास्त," पायलट म्हणाले.

सात आठवड्यांनी वहिनी गेल्या. दवाखान्यात, दुपारी, मुलगी उशाशी असताना. पायलट औषधाच्या दुकानात रांगेत होते. 

पाचव्या दिवशी बुधवार होता. मी शाळेतून आले तर पायलट दोन बादल्या घेऊन गाडी धूत होते. ते म्हणाले, "घरी मशीनवर एक पडदा अर्धा राहिलाय. सुई त्यातच आहे. ती काढायची का ठेवायची, कळत नाही." आणि दाराचं उरलेलं अर्धं धुवायला लागले.

मालकांना त्यांनी मेसेज पाठवला होता. तो मला मालकांनीच पुढे फोनवर वाचून दाखवला. त्यात चारच शब्द होते. पत्नी गेली. गाडी ठीक.

सात महिन्यांनी मालकांनी गाडी विकायचं ठरवलं. परत यायचं नाही हे त्यांनी अखेर स्वतःशी कबूल केलं असावं. एक तपासनीस येऊन गेला. त्याने गाडी अर्धा दिवस उचलून, वाकून, फोटो काढून तपासली. पुढच्या बुधवारी पायलट गाडी धूत होते आणि मी माझ्या डिकीतून वह्यांचे गठ्ठे काढत होते, तेव्हा त्यांचा फोन वाजला. त्यांचे हात साबणाने भरलेले. "बाई, जरा बटण दाबता का," म्हणाले. मी दाबलं, आणि फोन माझ्या गाडीच्या टपावर ठेवला. म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काका, रिपोर्ट आला," मालक म्हणाले. आवाज खुशीत होता. "चौदा वर्षांची गाडी अशी राखलेली कधी पाहिली नाही म्हणतो तो."

"बरं, साहेब."

"एक गंमत लिहिलीय त्याने. शेजारची सीट कोरी आहे म्हणे. चामड्यावर सुरकुती नाही. कुणी बसलंच नाही का कधी?"

"नाही, साहेब."

"कुणीच नाही? काकू?"

पायलटनी हातमोजा बादलीच्या काठावर ठेवला. "तुम्ही म्हणाला होतात, कुणाच्या हातात द्यायची नाही."

"अहो, ते चालवायला." मालक जरासे हसले आणि मग त्यांचं हसणं थांबलं. "मी धरूनच चाललो होतो की रविवारी तुम्ही दोघं फिरून येत असाल. बायकोला सांगायचोसुद्धा. म्हटलं, आपण नाही तर नाही, ते दोघं तरी मजा करतायत." तिकडे कुणीतरी काहीतरी बोलल्याचा आवाज आला. "काका? ऐकू येतंय का?"

"येतंय, साहेब."

"एकदा विचारायचंत ना मला."

"हो, साहेब. विचारायला हवं होतं."

मालकांनी आणखी काही बोलायचा प्रयत्न केला. माणूस वाईट नव्हता. पण चौदा वर्षं आपण एका नवऱ्याबायकोला फिरवतोय असं समजून तो मनात खूश होत होता, आणि त्या दुपारी त्याच्याही हातातून काहीतरी गेलं. फोन बंद झाला तेव्हा स्क्रीनवर माझ्या बोटाचा ठसा तेवढा राहिला होता.

पायलटनी हात पुसले. गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि शेजारच्या सीटचं दार उघडलं. आत बसले नाहीत. दार धरून उभे राहिले.

"ती बरोबर होती," ते म्हणाले. "हातात म्हणजे हातात. तिला एका मिनिटात कळलं होतं."

मी कोपराने डिकी लावली.

"मला वाटायचं, मी शब्द पाळतोय." ते थांबले. "शब्द कसला, बाई. मला भीती होती. परत गल्लीतली माणसं गप्प होतील, ही भीती. आणि तिला सांगितलं, शब्द दिलाय."

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुमच्या गाडीत ती काही बोलली का?"

मला ते वाक्य जसंच्या तसं आठवत होतं. त्यातला प्रत्येक शब्द. मी वह्यांचा गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आवाज फार करते म्हणाल्या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दार हळूच लावलं. ते दार आपटायचं नसतं, शेवटच्या बोटभर अंतरावर तळहाताने दाबायचं असतं. तसंच लावलं.

गाडी घेणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या. ताब्यात घ्यायला आल्या त्या दिवशी पायलटनी त्यांना दोन तास शिकवलं. चार्जर कसा जोडायचा, नाक उचलायचं बटण कुठलं, पाण्याच्या काट्याला का भुलायचं नाही. धुतल्यावर लगेच झाकायची नाही, आधी एक छोटी फेरी मारायची, म्हणजे ब्रेकमधलं पाणी सुकतं. डॉक्टरबाई सगळं फोनमध्ये लिहून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा मला एकटीला धीर होत नाही. तुम्ही शेजारी बसाल का?"

पायलट नाही म्हणतील असं मला वाटलं. ते बसले. 

पाऊण तासाने परत आले. डॉक्टरबाई गाल लाल झालेल्या, हसत उतरल्या. पायलटना उतरायला वेळ लागला. ती सीट इतकी खाली आहे की आधी पाय बाहेर काढून, मग दाराची चौकट धरून स्वतःला वर ओढावं लागतं. ते उभे राहिले आणि गुडघे चोळत माझ्याकडे आले.

"तिला उतरता आलं नसतं बहुतेक," ते म्हणाले. "त्या दिवसांत तर नाहीच. दोघांनी धरून काढावं लागलं असतं. पाठीला दणके बसले असते. गाडी फार कडक आहे, बाई. दुखलं असतं तिला."

मला वाटलं, ते यातून स्वतःची समजूत काढतायत. काढू देत, असं मनात आलं. पण ते पुढे बोलले.

"हसली असती पण. उतरताना. मला शिव्या घालत हसली असती."

खोळही गाडीबरोबरच गेली. डॉक्टरबाईंनी ती हातात घेऊन, शिवण बघून विचारलं, कुठून शिवून घेतलीत. पायलट म्हणाले, घरी.

महिन्याभराने पायलटची मुलगी त्यांना न्यायला आली. ती दुसऱ्या शहरात प्रयोगशाळेत काम करते, रक्त तपासायचं. घर आवरायला मी दोन दिवस जात होते. आईची मशीन, सुयांचे डबे, मापांच्या वह्या. मुलगी भराभर खोक्यांत भरत होती. तिचं वडिलांशी बोलणं म्हणजे "हे ठेवायचं?" आणि "ते टाकायचं?" एवढंच. मला आधी वाटलं, दुःखाने असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून चहा घेत होतो. कप भरून झाले होते, म्हणून स्टीलच्या वाट्यांतून. पायलट एकदम म्हणाले, "तुला एक सांगायचंय. आई मला म्हणाली होती, एकदा गाडीतून न्या. मी नाही म्हटलं."

"माहीत आहे मला," मुलगी म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. त्याच दिवशी फोनवर."

"काय म्हणाली?"

मुलीने वाटी खाली ठेवली. "म्हणाली, जाऊ दे, त्यांना जमणार नव्हतं. तुझ्या वडिलांचा स्वभाव आहे. तिनं तुमच्यावर राग धरला नाही, बाबा." तिने खोक्याची चिकटपट्टी ओढून दातांनी तोडली. "मी धरलाय."

पायलटनी आपली वाटीही खाली ठेवली.

"मालकांची हरकत नव्हती," ते म्हणाले. ही गोष्ट तिला माहीत नव्हती. सांगितली नसती तर तिला कधी कळलीही नसती. "त्यांचा फोन आला होता. म्हणाले, मी तर धरूनच चाललो होतो की तुम्ही दोघं जाताय. मी विचारलंच नव्हतं कधी."

मुलगी उठली आणि बाल्कनीत गेली. आम्हांला तिची पाठ दिसत होती. पाठ हलत होती. पायलट उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथेच थांबले. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटत असणार. हात थोडा वर आलाही होता. पण ती वळली नाही, आणि ते परत येऊन बसले. चहा निवला होता, तो तसाच प्यायले.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. तेवीस नंबरात पाचव्या मजल्यावरच्यांची शाळेच्या व्हॅनसारखी मोठी गाडी असते. त्या रविवारचं वहिनींचं बोलणं मी पायलटना अजून सांगितलेलं नाही. कधी वाटतं, त्यांचा हक्क आहे त्याच्यावर. कधी वाटतं, ते ऐकून हा माणूस उभा राहू शकणार नाही. गणितात अशा वेळी उदाहरण तपासून बघता येतं. इथे मला उत्तर येत नाही, आणि वेळ मात्र निघून चाललीय.

मागच्या महिन्यात मी फोन केला. तब्येत विचारली. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणाले, आता गाडी चालवत नाही, बसने जातो. सकाळी मुलीच्या सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना चालायला घेऊन जातो.

"आणि मुलगी?" मी विचारलं. "बोलते का?"



"जेवलात का, विचारते," ते म्हणाले. "रोज विचारते. तेवढं."